हलत्या रसातले स्फटिक

सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात तोफा तयार होत, आणि त्यांतल्या काही चाचणीतच फुटत. पोलाद तेच, भट्टी तीच, तरी एक तोफ टिकते आणि दुसरी टिकत नाही. हे कोडे घेऊन बसलेल्या दिमित्री चेर्नोव्ह यांनी १८६८ साली पोलाद तापवताना लागणारे निर्णायक टप्पे मांडले आणि त्यांचे नाव झाले. पण तोफ घडवण्याआधी पोलादाचा ठोकळा ओतावा लागतो. दोष तिथेच शिरला असेल तर पुढे कितीही तापवा-ठोका, काय उपयोग? म्हणून ठोकळा गोठतो कसा, याच्या मागे ते लागले.

ठोकळा बाहेरून आत गोठत जातो. गोठताना पोलाद आकसते, ती तूट भरायला मधला रस खाली उतरतो आणि माथ्याशी पोकळी उरते. अशाच एका १०० टनी ठोकळ्याच्या पोकळीत मिळालेला एक स्फटिक चेर्नोव्ह यांच्या हाती आला. लांबी ३९ सेंटिमीटर, वजन ३.४५ किलो. मधे खोड, खोडाला काटकोनात फांद्या, फांद्यांना पुन्हा काटकोनात डहाळ्या. पोलादाचे झाडच म्हणायचे. धातुशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे छायाचित्र आजही भेटते. धातू बहुधा असाच गोठतो, अशा झाडांच्या रूपाने. त्यांना डेंड्राइट म्हणतात.

हे झाड दिसले ते भोवतालचा रस निघून गेला म्हणून. ठोकळ्याच्या बाकी अंगात अशी असंख्य झाडे होती, पण त्यांच्या फांद्यांमधला रसही जागच्या जागी गोठला आणि सगळे एकजीव झाले. पुढची कित्येक दशके धातूंचा अभ्यास झाला तो असाच, मागाहून. गोठलेला तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, आम्लाने कोरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. या पद्धतीत द्रव कुठेच नसतो. स्फटिक वाढत असताना रस कुठून कुठे वाहत होता, हे विचारायचे कुणाला सुचले नाही असे नाही. पण बघायची सोय नव्हती. धातू अपारदर्शक, त्यात धगधगता. आणि जे दिसत नाही ते हिशेबातून वगळायची सवय शास्त्रज्ञांनाही असते.

ती सवय गणितात सर्वांत स्पष्ट दिसते. १९३५ साली पापापेट्रू या ग्रीक तरुणाने मिठांच्या द्रावणातले डेंड्राइट सूक्ष्मदर्शकाखाली निरखले आणि त्यांचे टोक पॅराबोलाच्या आकाराचे असते असे मांडले. (सापेक्षतावाद शिकलेल्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. ‘मजुमदार-पापापेट्रू’ या जोडनावातले पापापेट्रू ते हेच. आणि त्यांचे जोडीदार सुधांशू दत्त मजुमदार आपल्याकडचे.) १९४७ मध्ये जी. पी. इव्हान्त्सोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने त्या पॅराबोलाला गणिताचा आधार दिला. कल्पना अशी: द्रव गोठणांकाच्याही खाली थंड झाला आहे, पण अजून द्रवच आहे. त्यात स्फटिकाची सुई वाढू लागते. गोठताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो, आणि तो जितक्या लवकर दूर जाईल तितक्या लवकर सुई पुढे सरकेल. उष्णता नुसत्या वहनाने पसरते आणि द्रव अगदी निश्चल आहे, असे इव्हान्त्सोव्ह यांनी धरले. उत्तर सुबक आले, पण अर्धवट. टोकाचा वेग आणि टोकाची त्रिज्या यांचा गुणाकार तेवढा त्यातून मिळत होता. बारीक टोकाची वेगवान सुई आणि जाड टोकाची मंद सुई, दोन्ही गणिताला चालत होत्या. निसर्ग मात्र दर वेळी त्यांतली एकच निवडतो. कोणती आणि का, हा प्रश्न पुढे चाळीस वर्षे अनेकांना पुरला.

द्रव निश्चल आहे हे गृहीतक मात्र बराच काळ कुणाला फारसे खटकले नाही. त्याला पहिला धक्का ओतकामाच्या बाजूने बसला.

ओतलेला ठोकळा आडवा कापला तर कडेला बारीक कणांचा थर दिसतो, त्याच्या आत केंद्राकडे धावणारे लांब खांबांसारखे स्फटिक, आणि मध्यभागी पुन्हा गोलसर कण. हे मधले कण कुठून आले? ब्रूस चामर्स यांचे म्हणणे असे की, गरम रस थंड साच्याला भिडतो त्या क्षणीच असंख्य स्फटिक जन्मतात आणि त्यांतले काही वाहत मध्यभागी पोचून टिकतात. बेल लॅबोरेटरीजमधले केनेथ जॅक्सन आणि जॉन हंट यांनी वेगळा रस्ता धरला. धातूच्या आत बघता येत नाही ना, मग धातूसारखा गोठणारा पण पारदर्शक पदार्थ शोधू. कोणते पदार्थ धातूसारखे गोठतील हे ताडण्याची कसोटी जॅक्सन यांच्याकडे आधीच होती. मेणासारखे काही सेंद्रिय पदार्थ तिला उतरले आणि १९६५ साली त्यांनी ते जगापुढे ठेवले. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पातळ थर घेतला की धातूच्या पोटात जे घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली घडताना दिसू लागले.

लगेच १९६६ मध्ये जॅक्सन, हंट, उल्मन आणि सेवर्ड यांनी मधल्या कणांचा उगम दाखवला. डेंड्राइटची फांदी खोडाला जिथे चिकटलेली असते तिथे तिची मान बारीक असते. गोठताना स्फटिक मिसळलेला घटक बाहेर टाकतो, तो या कोपऱ्यांत साचतो आणि तिथला द्रवणांक उतरतो. अशा वेळी प्रवाहाबरोबर थोडा गरम रस येऊन लागला की मान वितळते आणि फांदी सुटते. सुटलेली फांदी प्रवाहात वाहत मध्यभागी जाते आणि तिथे स्वतंत्र स्फटिक म्हणून वाढू लागते. त्याच वर्षी उल्मन, सेवर्ड आणि चामर्स यांनी उलट बाजूने तपासले. वाहत्या धातूला चुंबकीय क्षेत्रात अडथळा होतो. रस गोठत असताना बाहेरून असे क्षेत्र लावून त्यांनी प्रवाह दाबून टाकला, तर खांबांसारखे स्फटिक आतपर्यंत वाढत गेले आणि मधले गोलसर कण दिसेनात. स्वतः चामर्सच त्या प्रयोगात होते हे मला विशेष वाटते. आपल्या मताला धोका असलेला प्रयोग करायला ते कचरले नाहीत.

१९६६ हे वर्षच तसे होते. एमआयटीत उटेक आणि मर्टन फ्लेमिंग्ज यांनी हीच चुंबकाची युक्ती इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकावर वापरली. त्या स्फटिकांत भेसळीचे पट्टे पडत, जास्त-कमी, जास्त-कमी असे. चुंबकीय क्षेत्र लावले आणि पट्टे गेले. म्हणजे रसातल्या प्रवाहाचे हेलकावे स्फटिकाच्या अंगात पट्ट्यांच्या रूपाने उमटत होते. इतकी वर्षे ज्याची नोंद कुणी ठेवत नाही असे वाटत होते, त्याची नोंद स्फटिकानेच ठेवली होती.

मग आली जेट इंजिनाची पाती. या पात्यांसाठी निकेलची संमिश्रे खालून वर, एका दिशेने गोठवतात, म्हणजे कणांच्या आडव्या सीमा राहत नाहीत आणि पाते तप्त झोतात तग धरते. पण काही पात्यांच्या पृष्ठभागावर उभ्या रेषेत बारीक कणांचे डाग उमटू लागले. कारखान्यात त्यांना फ्रेकल म्हणत, आणि डाग दिसला की पाते बाद. प्रॅट अँड व्हिटनीतल्या कॉप्ली, जियामे आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये याचा छडा लावला तो धातूत नाही, नवसागराच्या पाण्यात. अमोनियम क्लोराइडचे दाट द्रावण तळाकडून थंड केले की तळाशी डेंड्राइटचे रान वाढते. क्षार स्फटिकात जातो, म्हणून फांद्यांमध्ये उरलेले पाणी वरच्या द्रावणापेक्षा हलके होते. हलके खाली आणि जड वर, ही घडी फार वेळ टिकत नाही. थोड्याच वेळात रानात जागोजागी बारीक नळ्या पडतात आणि त्यांतून हलक्या द्रवाचे सडपातळ झोत उभे वर चढू लागतात, वाटेतल्या फांद्या विरघळवत आणि त्यांचे तुकडे सोबत उधळत. निकेलच्या संमिश्रात हेच घडते. टंगस्टनसारखे जड घटक स्फटिकात जातात, अॅल्युमिनियम-टायटॅनियमसारखे हलके घटक रसात उरतात, आणि तो हलका रस झोतासारखा वर सुटतो. पात्यावरचा डाग म्हणजे अशा झोताची वाट. पुढे पात्याची ताकद वाढवण्यासाठी ऱ्हेनियम घालू लागले. तेही जड आणि स्फटिकात जाणारे, त्यामुळे हा त्रास वाढलाच.

एव्हाना प्रवाहाला वगळून चालत नाही हे कारखान्यात आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे पटले होते. पण प्रवाह नेमका किती फरक पाडतो हे सांगायचे, तर प्रवाह मुळीच नसताना काय होते हे आधी कळायला हवे. इव्हान्त्सोव्ह यांच्या निश्चल द्रवाचे गणित पडताळायला निश्चल द्रव तर लागणार.

हा ध्यास मार्टिन ग्लिक्समन यांनी घेतला. आधी वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आणि नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये. त्यांचा आवडता पदार्थ सक्सिनोनायट्राइल: मेणासारखा, पारदर्शक, ५८ अंश सेल्सिअसला वितळणारा, आणि गोठण्यात थेट धातूच्या वळणावर जाणारा. अतिशय शुद्ध केलेला हा पदार्थ गोठणांकाच्या थोडा खाली नेऊन ते वाढत्या सुईचे टोक मोजत. १९७६ च्या त्यांच्या निबंधाने एक जुनी समजूत मोडली. सुई शक्य तितक्या जास्तीत जास्त वेगाने वाढते, असे मानले जाई. मोजले तर तसे नव्हते. प्रत्यक्षातली टोके बरीच जाड आणि मंद निघाली. त्यानंतर १९७८ मध्ये लँगर आणि म्युलर-क्रुम्भार यांनी टोकाच्या स्थैर्यावर आधारलेला निवडीचा नियम सुचवला. तो ग्लिक्समन यांच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळला, आणि पुढच्या दशकात सिद्धान्तवाल्यांची लढाई जुंपली. ती कथा वेगळी.

ग्लिक्समन यांची अडचण आणखी वेगळी होती. द्रव गोठणांकाच्या बराच खाली नेला तर सुई इतकी बारीक आणि चपळ होते की तिचे टोक मोजणे कठीण. थोडाच खाली ठेवला तर टोक मोठे, संथ, मोजायला सोपे. पण मग गुरुत्वाकर्षण मधे पडते. वाढती सुई उष्णता सोडते, भोवतालचा द्रव किंचित कोमट होतो, हलका होतो आणि वर चढतो. वरच्या दिशेने वाढणारी सुई आपल्याच उष्णतेच्या लोटात सापडते आणि मंदावते. खाली वाढणाऱ्या सुईला समोरून सतत ताजा, थंड द्रव भेटतो, म्हणून ती वेगाने जाते. एकाच भांड्यातल्या, एकाच तापमानाच्या दोन सुया, दिशा वेगळी म्हणून वेग वेगळा. हवांग यांच्याबरोबर केलेल्या मोजमापांत हे लख्ख दिसले. रेन्सेलेअरमध्येच अनंत आणि गिल यांनी प्रवाह धरून नवे गणित मांडले. पण निश्चल द्रवाची मोजमापे पृथ्वीवर मिळणार कशी? मनोऱ्यावरून भांडे सोडून दिले तर वजनहीनता मिळते ती काही सेकंदांची, आणि या संथ सुयांना तेवढ्याने काय होणार?

म्हणून प्रयोग कक्षेत गेला. ४ मार्च १९९४ रोजी कोलंबिया यान उडाले तेव्हा त्याच्या मालकक्षात हा प्रयोग बसवलेला होता. रचना साधी, पण नाजूक. तापमान अंशाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत स्थिर राखणाऱ्या द्रवात बुडवलेली एक कुपी, तिच्यात वितळलेला सक्सिनोनायट्राइल. कुपीत वरून उतरलेली केसासारखी पोकळ नळी, तिच्या बाहेरच्या टोकाला थंड करणारा तुकडा. तिथे स्फटिक जन्मतो, नळीतून सरकत येतो, तोंडाशी पोचला की मोकळ्या द्रवात चहूबाजूंनी सुया फेकतो. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन कॅमेरे त्यांची छायाचित्रे घेतात. मग कुपी तापवायची, सगळे वितळवायचे, नवे तापमान लावायचे आणि पुन्हा सुरुवात. आज्ञा जमिनीवरून जात होत्या. अंतराळवीरांना त्यात हात घालायची जवळजवळ गरज नव्हती. गुरुत्वाचा परिणाम उरला होता तो पृथ्वीवरच्या साधारण दशलक्षांशाइतका.

दुसरे उड्डाण २२ फेब्रुवारी १९९६ ला झाले. त्या मोहिमेची बातमी झाली ती भलत्याच कारणाने: यानातून सुमारे वीस किलोमीटर लांब तारेला बांधून सोडलेला उपग्रह तार तुटून निघून गेला. मालकक्षातल्या कुपीकडे कुणाचे लक्ष जाणार? तिथे सुया निमूट वाढत होत्या आणि आकडे गोळा होत होते.

आकड्यांनी जे सांगितले ते असे. द्रव गोठणांकाच्या सुमारे पावणेदोन अंश खाली किंवा त्याहून थंड असेल, तर पृथ्वीवरचे आणि कक्षेतले वेग जुळतात. सुई प्रवाहाला मागे टाकते. त्याच्या अलीकडे दोन्ही वक्र फुटून अलग होतात आणि पृथ्वीवरची सुई वाहत्या द्रवाच्या जोरावर अधिक वेगाने धावते. म्हणजे पृथ्वीवर संथ सुयांची घेतलेली मोजमापे खऱ्या अर्थाने निश्चल द्रवाच्या सिद्धान्ताची मोजमापे नव्हतीच. इव्हान्त्सोव्ह यांचे चित्र ढोबळमानाने बरोबर निघाले, अगदी तंतोतंत नाही. आणि अंशाच्या काही दशांशांवर आले की कक्षेतही घोळ होई: उष्णतेचे वलय इतके रुंद होई की ते कुपीच्या भिंतीपर्यंत आणि शेजारच्या सुयांपर्यंत पोचे. गुरुत्व गेले तरी भिंती होत्याच. हे ग्लिक्समन यांच्या गटाने लपवले नाही. अवकाशात गेलो आणि सत्य मिळाले, असली भाषा मोहिमांच्या जाहिरातींत शोभते, निबंधांत नाही.

तिसऱ्या वेळी, १९ नोव्हेंबर १९९७ च्या उड्डाणात, सक्सिनोनायट्राइलऐवजी पिव्हॅलिक आम्ल नेले. त्याच्या स्फटिकाची ठेवण वेगळी, त्यामुळे निवडीचा नियम एकाच पदार्थापुरता आहे की सगळ्यांना लागू पडतो हे तपासता येणार होते. याच मोहिमेत कल्पना चावला पहिल्यांदा अवकाशात गेल्या. आपल्याकडे ती मोहीम त्यांच्यामुळेच आठवते, आणि स्पार्टन उपग्रह निसटून दोघा अंतराळवीरांना तो हाताने पकडावा लागला, त्यामुळे. मालकक्षातल्या स्फटिकांचा उल्लेख आपल्या लेखांत क्वचित येतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतताना आकाशात तुटले आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. त्यानंतर काही महिन्यांनी मॅथ्यू कॉस यांचा एक लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. कॉस हे ग्लिक्समन यांचे या प्रयोगातले प्रमुख सहकारी. त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे: आपला प्रयोग आणि तशा धर्तीचे बहुतेक प्रयोग माणसे न पाठवताही करता आले असते, विज्ञानासाठी माणसे जायलाच हवीत हे कारण पुढे करून हा धोका पत्करला गेला. ज्याच्या कामाला त्या यानाने तीनदा कक्षेत नेले, त्याने हे म्हणायला धैर्य लागते. त्यांचा मुद्दा मला पटतो. कुपीला माणसाचा हात लागत नव्हता हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

इकडे पृथ्वीवर प्रत्यक्ष धातूच्या आत बघायची सोय झाली होती. १९९९ मध्ये नॉर्वेच्या मॅथिसेन आणि सहकाऱ्यांनी ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधल्या प्रखर एक्स-रे किरणांनी कथील-शिशाच्या संमिश्रातले डेंड्राइट वाढताना टिपले. नंतर अॅल्युमिनियम-तांब्याच्या पातळ पत्र्यात त्यांना सुटणाऱ्या फांद्याही दिसल्या. अॅल्युमिनियमची फांदी भोवतालच्या तांबेमय रसापेक्षा हलकी, म्हणून सुटली की वर तरंगत जाते. १९६६ साली मेणासारख्या सेंद्रिय पदार्थांकडे बघून जे सांगितले गेले, ते आता खऱ्या धातूत दिसत होते, थोड्या बारकाव्यांसह: मान वितळते ती कित्येकदा बाहेरून आलेल्या उष्णतेपेक्षा तिथे साचलेल्या तांब्यामुळे.

तरी मूळची अडचण तिथेही होतीच. एक्स-रे पलीकडे जावेत म्हणून नमुना पाव मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवावा लागतो, आणि फांद्या तरंगतात त्या गुरुत्वामुळे. म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वीडनच्या उत्तरेतल्या किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून मेसर-१२ हे रॉकेट सोडले गेले. आत एक छोटी भट्टी, एक्स-रे नळी, कॅमेरा आणि २० टक्के तांबे मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा पत्रा. माणूस कुणी नाही. वजनहीनता साधारण सहा मिनिटे, आणि तेवढ्यात तो पत्रा गोठवून त्याचे चित्रण करायचे होते. तीच भट्टी जमिनीवर चालवून तुलना केली गेली. रॉकेटमध्ये तरंगणे नव्हते, झोत नव्हते. एक प्रवाह मात्र तिथेही चालूच राहतो. गोठताना अॅल्युमिनियम सहा टक्क्यांच्या आसपास आकसते आणि ती तूट भरायला फांद्यांमधून रस आत ओढला जातो. त्याला गुरुत्व असले काय आणि नसले काय.